ट्रामच्या आधी रूळ येतो: नव्या मार्गाची वाट पाहणाऱ्या सायकलस्वारांसाठी

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुमची मुलगी युरोपातल्या एका शहरात शिकते. नाशिकला असताना ती गंगापूर रोडवरून कॉलेजला जशी सायकलने जायची, तशीच तिथेही रोज सायकलने विद्यापीठात जाते. तिच्या वाटेवरच्या मुख्य रस्त्यातून येत्या काही महिन्यांत नवी ट्राम धावू लागणार आहे. रूळ टाकून झाले आहेत आणि वरच्या तारा ओढण्याचे काम चालू आहे. ट्राम सुरू झाली की मी वाट बदलेन, तोवर काळजी नको, असे ती म्हणते. तिचे हे म्हणणे बरोबर आहे का, आणि उद्या नाशिकला मेट्रो निओ ही प्रस्तावित शहरी वाहतूक आली तर इथल्या सायकलस्वारांपुढेही हीच अडचण उभी राहील का, असे तुम्ही विचारले आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे. नोकरीची बावीस वर्षे रुळांच्या कामात गेली, त्यांतली सहा परदेशात रस्त्यावरच्या ट्रामच्या मार्गांवर, आणि सायकल तर शाळेपासून सुटलेली नाही. या दोन्ही अनुभवांवरून सांगतो की मुलीने वाट बदलायची असेल तर ती आजच बदलावी. सायकलस्वाराला पाडतो तो रूळ, आणि तो तर रस्त्यात केव्हाच येऊन बसला आहे. पहिली ट्राम कधी धावते याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा एडिंबरोचा आहे. तिथली ट्राम प्रवाशांसाठी ३१ मे २०१४ रोजी सुरू झाली. रुळांवर पडून रुग्णालयात आलेल्या सायकलस्वारांच्या नोंदी तिथल्या डॉक्टरांनी नंतर तपासल्या, आणि त्या नोंदी मे २००९ पासूनच्या आहेत, म्हणजे पहिला प्रवासी ट्राममध्ये चढण्याच्या पाच वर्षे आधीपासूनच्या. एप्रिल २०१६ पर्यंत जखमींची संख्या १९१ झाली होती. त्यांपैकी ६३ जणांचे एखादे तरी हाड मोडले होते किंवा सांधा निखळला होता. १४२ जणांचे चाक रुळाच्या खाचेत अडकले होते आणि ३२ जण रुळावरून घसरले होते. शहरात ट्राम येणार म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर ट्रामची धडक येते, पण १९१ पैकी १७४ प्रसंगांत सायकल पडली ती रुळामुळे. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. त्यानंतर आपल्याकडच्या दोन पिढ्यांना रस्त्यात गाडलेल्या रुळाची सवयच राहिली नाही, त्यामुळे इथून तिकडे गेलेल्या मुलांना हा धोका दिसूनही ओळखू येत नाही.

हे पडणे नेमके कसे घडते, ते समजून घेतले तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतात. ट्रामच्या चाकाला आतल्या बाजूने एक उभी कडा असते, कामावरचे लोक तिला फ्लँज म्हणतात. ही कडाच चाकाला रुळावर धरून ठेवते. रस्त्याच्या पातळीत बसवलेल्या रुळाला या कडेसाठी लांबच लांब खाच ठेवावी लागते. ती साधारण ३६ ते ४२ मिलिमीटर रुंद आणि सुमारे साडेचार सेंटिमीटर खोल असते. रोड बाईकचा टायर २५ ते २८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे तो खाचेत सहज उतरतो. आपल्या दूधवाल्यांकडे असते त्या जुन्या दणकट सायकलचा टायरही सुमारे ४० मिलिमीटरच भरतो. खाच बुजवून टाकता येत नाही, कारण मग ट्रामच धावणार नाही. खाचेत रबराची पट्टी बसवून ट्रामच्या वजनाने ती दबेल अशी सोय काही ठिकाणी करून पाहिली गेली आहे, परंतु दर काही मिनिटांनी ट्राम जाते तिथे ते रबर फार लवकर झिजते.

आता कोन पाहा. ४० मिलिमीटरची खाच काटकोनात ओलांडली तर चाकापुढे ४० मिलिमीटरचीच फट येते. ६० अंशांत ती ४६ मिलिमीटर होते, ३० अंशांत ८०, आणि १५ अंशांत जवळजवळ १५५ मिलिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीएवढी लांब. एवढ्या लांब फटीत चाक खाली उतरणारच. एकदा पुढचे चाक खाचेत गेले की हँडल वळत नाही, आणि सायकलचा तोल तर हँडलच्या बारीक बारीक हालचालींवरच राखला जातो. ती हालचाल थांबली की सावरायला अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणूनच याला निष्काळजीपणा म्हणणे मला मान्य नाही. तरबेज सायकलस्वारही तितक्याच वेगाने पडतो.

मी स्वतः असा पडलो आहे. तरुणपणी कामावरून परतताना माझ्या वाटेत एका कारखान्याचा मालगाडीचा रूळ रस्ता तिरका छेदून जात असे. त्यावरून मी शेकडो वेळा गेलो होतो. जूनचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता, समोरून ट्रक आला आणि त्याला वाट देण्यासाठी मी दीड हात डावीकडे सरकलो. तेवढ्यानेच कोन बिघडला. चाक अडकल्याचे मला कळलेच नाही. कळले तेव्हा मी रस्त्यावर होतो, तळहातात खडीचे दोन बारीक खडे रुतले होते, पुढचे चाक खाचेत घट्ट बसले होते आणि मागचे चाक अजून फिरत होते. उजवे मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहिले. त्या दिवशी माझा वेग फार तर ताशी १२ किलोमीटर असेल. हळू चालवले की पडत नाही, या समजुतीवर मी तेव्हापासून विश्वास ठेवलेला नाही.

रूळ ओलांडताना काटकोन हे उद्दिष्ट ठेवावे. ६० अंशांपर्यंत चालते, आणि ३० अंशांच्या खाली सायकलवरून उतरून चालत जावे, त्यात कमीपणा काहीच नाही. काटकोन रुळापाशी येऊन साधत नाही, तो दहा-पंधरा मीटर आधीपासून आखावा लागतो. मागे वळून पाहावे, हाताने खूण करावी, रस्त्यात थोडे बाहेर यावे, रुळाकडे सरळ तोंड करून दोन्ही रूळ ओलांडावेत आणि मगच पुन्हा आपल्या दिशेला लागावे. चाक प्रत्यक्ष रुळावर असताना चार गोष्टी वर्ज्य आहेत: ब्रेक दाबणे, हँडल वळवणे, अंग एका बाजूला झुकवणे आणि पेडलवर जोर देणे. ओल्या लोखंडाची पकड डांबराच्या मानाने फारच कमी असते. पहिल्या सरीनंतरच्या काही मिनिटांत रस्त्यावरची धूळ आणि तेलकटपणा रुळावर पसरतो, तेव्हा तर ती नाहीशीच होते. त्यामुळे झुकलेली सायकल काटकोनातही घसरू शकते. जिथे एक मार्ग फुटून दोन होतात त्या सांध्यांवर खाचा वेगवेगळ्या कोनांत पसरलेल्या असतात. तिथे एका खाचेला काटकोन साधला की दुसरीला तो साधत नाही. अशी जागा मुलीच्या वाटेवर असेल तर तिथे सायकल हातात धरूनच जावे.

वळणाबाबत एक बारकावा आपल्या लोकांना मुद्दाम सांगावा लागतो. तिकडे वाहने उजव्या बाजूने चालतात. आपल्याकडे उजवीकडे वळताना आपण रस्ता आडवा छेदतो, तिकडे तेच डावीकडे वळताना करावे लागते, आणि ट्राम बहुधा रस्त्याच्या मध्यातून जात असल्याने नेमके तेच वळण रुळांना तिरके कापते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे वळण दोन टप्प्यांत घेणे. आधी सरळ चौक ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यात थांबावे, सायकल नव्या दिशेला वळवून उभी करावी, आणि त्या बाजूचा सिग्नल मिळाला की सरळ निघावे. एक सिग्नल जास्त थांबावे लागते, पण रूळ काटकोनात मिळतात.

थांब्यांकडे लोक सहसा लक्ष देत नाहीत, आणि माझ्या मते सरळ रस्त्यावरची सर्वांत वाईट जागा तीच असते. दोन रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर आणि ट्रामची रुंदी २.६५ मीटर धरली, तर डबा रुळाच्या बाहेर दोन्हीकडे साधारण ६१ सेंटिमीटर येतो. प्रवाशाला फलाटावरून थेट डब्यात पाऊल टाकता यावे म्हणून फलाटाची कड डब्याच्या अगदी लगत, म्हणजे रुळापासून सुमारे ६५ सेंटिमीटरवर आणलेली असते. सायकलचे हँडलच ६० सेंटिमीटरच्या आसपास असते. या चिंचोळ्या पट्टीत एका बाजूला पेडल घासेल अशी फलाटाची कड आणि दुसऱ्या बाजूला खाच राहते. बचावासाठी दोन्हीकडे जागा उरत नाही. चांगल्या आखणीत सायकलची वाट फलाटाच्या मागून काढलेली असते. ती नसेल तर थांब्याच्या पुरेसे आधी काटकोनात दोन्ही रुळांच्या मध्ये यावे, तिथल्या जवळजवळ दीड मीटरच्या पट्टीतून मधोमध चालवावे आणि थांबा मागे पडल्यावर पुन्हा काटकोनात बाहेर पडावे. मागून ट्राम येत असेल तर हे करू नये, उतरून पदपथावरून चालत जावे.

टोरोंटोत जखमी सायकलस्वारांच्या मुलाखती घेऊन केलेल्या एका अभ्यासात २७६ पैकी ८७ अपघात, म्हणजे ३२ टक्के, थेट रुळांशी निगडित निघाले. कडेला उभी असलेली मोटार चुकवताना रुळाकडे ढकलले जाणे, हे त्यांतले एक कारण होते. माझ्या मनगटाची कथा त्याच जातीची आहे, फक्त माझ्या वेळी उभ्या मोटारीच्या जागी चालता ट्रक होता. म्हणून पहिल्यापासूनच उभ्या गाड्यांपासून दूर, सरळ रेषेत चालवावे आणि आयत्या वेळी आत-बाहेर करू नये. मागच्याने हॉर्न वाजवला तरी रेषा सोडू नये. घाई आणि मागच्या वाहनांचा दबाव, या दोहोंमुळे कोन बिघडतो.

पहिली ट्राम प्रवाशांना घेण्याआधी काही महिने चाचण्या चालतात. बांधकामाच्या काळात खाचांत माती आणि खडीची भुकटी भरून राहते. त्यामुळे त्या उथळ वाटतात आणि सायकलस्वारांना खोटा धीर येतो. चाचण्या सुरू होण्यापूर्वी त्या साफ केल्या जातात, आणि काल जिथून चाक गेले तिथेच आज ते अडकते. तपकिरी गंजाचा रूळ वरून चकचकीत दिसू लागला की समजावे, त्यावरून गाडी जाऊ लागली आहे. चाचणीच्या गाड्यांना प्रवाशांसाठीचे वेळापत्रक नसते. त्या कधी रात्री येतात, कधी माणसाच्या चालीने, कधी पूर्ण वेगाने. तारा ओढल्या गेल्यावर रूळ मोकळा आहे असे कधीही गृहीत धरू नये.

ट्रामविषयी दोनच गोष्टी लक्षात ठेवायला सांगतो. तिला बाजूला होता येत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी ट्राम आणीबाणीचा ब्रेक लावूनही, चालकाला सावध व्हायला लागणारा क्षण धरून, सुमारे ५० मीटरनंतर थांबते, आणि नेहमीच्या ब्रेकने त्याहून बरीच पुढे जाऊन थांबते. दुसरे म्हणजे एक ट्राम गेली की लगेच रूळ ओलांडू नये, कारण तिच्या ३०-४० मीटर लांबीच्या आड समोरून येणारी दुसरी ट्राम दिसत नाही, आणि विजेवर चालणारी असल्याने ऐकूही फारशी येत नाही. कानांत हेडफोन नकोत, हे वेगळे सांगायला नको.

साधनांचे थोडक्यात सांगतो. ५० मिलिमीटरचा रुंद टायर खाचेत उतरत नाही, त्यामुळे नवी सायकल घ्यायची असेल तर तशीच घ्यावी, परंतु ओल्या रुळावर तोही घसरतो. छोट्या चाकांची घडीची सायकल टाळावी. बूट पेडलला अडकवण्याचा प्रकार या रस्त्यावर नको. हातमोजे मात्र घालावेत, कारण अशा पडण्यात माणूस हात पुढे करतो आणि बहुतेक दुखापती हाताला व खांद्याला होतात.

सरावाला रूळ लागत नाहीत. सुट्टीत ती घरी येईल तेव्हा ईदगाह मैदानावर खडूने किंवा चुन्याने दीड मीटर अंतरावर दोन समांतर रेषा आखा, आणि रेषांच्या दिशेने सायकल चालवत येऊन, मागे पाहून, बाहेर पडून, दोन्ही रेषा काटकोनात ओलांडून परत आधीच्या दिशेला लागायचे, असे तीस-चाळीस वेळा करायला लावा. पहिल्या दहा वेळांत मागे पाहताना हँडल हलते आणि सायकल रेषेवर जाते. ते हलणे थांबेपर्यंत सराव करावा. तोवर तिथे, रविवारी सकाळी रस्ता रिकामा असताना, तिने तिची रोजची वाट एकदा पायी चालून पाहावी आणि प्रत्येक ओलांडणीचा कोन, सांधे व थांबे वहीत टिपून ठेवावेत. समांतरच्या गल्लीतून वाट असेल तर पाच मिनिटे जास्त लागली तरी तीच पक्की करावी. सदोष जागेचे छायाचित्र काढून शहर प्रशासनाला आणि स्थानिक सायकल संघटनेला आत्ताच पाठवावे. एडिंबरोत २०१७ साली एका तरुण सायकलस्वार मुलीचा रुळांवर पडून मृत्यू झाल्यानंतर त्या चौकात रूळ सरळ ओलांडण्याची वाट रंगाने दाखवण्यात आली. रंगाचा तो पट्टा रूळ टाकतानाही मारता आला असता, याचे मला आजही वाईट वाटते.

आता नाशिकविषयी. आपल्या गावाला ट्राम नवी नाही. १८८९ साली मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून नाशिक रोड स्थानकापर्यंत घोड्यांनी ओढलेली ट्राम सुरू झाली आणि ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकली. मेट्रो निओ हा मात्र वेगळा प्रकार आहे. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली. तिच्या आराखड्यात गंगापूर ते नाशिक रोड आणि गंगापूर ते मुंबई नाका असे दोन मुख्य मार्ग आहेत. वरच्या तारांतून वीज घेणाऱ्या, रबरी टायरच्या गाड्या खांबांवरच्या उन्नत मार्गाने धावतील अशी ती कल्पना आहे. रूळच नसल्यामुळे खाचेचा प्रश्न तिथे येणार नाही, हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे सरळ उत्तर.

परंतु निओ असो वा दुसरे काही, असे काम निघाले की सायकलस्वाराचा त्रास बांधकामाच्या वर्षांत असतो. पत्र्याच्या कुंपणाने रस्ता अर्ध्यावर येतो आणि बसच्या शेजारून जाणारी सायकल कुंपण आणि बस यांच्या कात्रीत सापडते. खड्ड्यांवर टाकलेल्या लोखंडी प्लेटा पावसात रुळाइतक्याच निसरड्या होतात आणि त्यांच्या कडा चाकाला अडवतात. द्वारका ते नाशिक रोडचा पट्टा रोज सायकलने पार करणारे कामगार पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी कुंपणाबाहेर सलग, दिवे असलेली दीड मीटर वाट ठेवावी, ही अट निविदेतच लिहून घ्यायला हवी. काम सुरू झाल्यावर ती कोणी ऐकत नाही.

आणि रूळ नसले तरी खाच आपल्याकडे आजही आहे. काँक्रीटच्या रस्त्यांतला लांबीच्या दिशेचा सांधा झिजून उघडा पडतो. पावसाळी गटारावरच्या जाळ्यांच्या पट्ट्या कित्येक ठिकाणी वाहतुकीच्या दिशेला समांतर बसवलेल्या असतात. चाक त्यांत रुळात जसे अडकते तसेच अडकते. जाळी ९० अंशांत फिरवून बसवली की धोका संपतो, आणि त्याला निराळा खर्च येत नाही. सिंहस्थाच्या तोंडावर शहरातले इतके रस्ते नव्याने होत असताना हे करून घेण्याची वेळ हीच आहे. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका या १.१ किलोमीटरच्या स्मार्ट रोडला सायकलसाठी वेगळी वाट आहे, पण तिच्यावर गाड्या उभ्या राहिल्या की सायकलस्वार मुख्य रस्त्यात ढकलला जातो. टोरोंटोत जे घडले त्याचे ते आपल्याकडचे रूप आहे.

मुलीला सांगा की वहीतल्या टिपणांसोबत विद्यापीठाकडे वळणाऱ्या चौकाची दोन छायाचित्रे काढून पाठव, एक ती जिथून वळते तिथून आणि एक पलीकडच्या कोपऱ्यातून. रुळांचा कोन त्यांत नीट दिसला तर ओलांडण्याची रेषा त्यांवरच आखून तुमच्याकडे परत पाठवीन. तोपर्यंत त्या चौकात तिने सायकल हातात धरून चालत जावे.